कोळशाच्या गावातील प्रेमाची भाषा : ईस्टवुडची बोली, संसार आणि कष्ट

कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या वस्त्यांविषयी लिहिणाऱ्या बाहेरच्या निरीक्षकांनी एक गोष्ट वारंवार नोंदविली आहे. ती अशी की, या वस्त्यांतील नवराबायको एकमेकांशी प्रेमाचे असे फारसे बोलत नाहीत. पगार, जेवण, कपडे, पाणी, मुले आणि खाण यांखेरीज त्यांच्या संभाषणाला विषय नसतो. आणि जे बोलणे होते त्यातही खेकसणेच अधिक असते. या निरीक्षणावरून तेथील संसारात प्रेमाचा ओलावा नव्हता, दारिद्र्याने व श्रमाने तो आटून गेला होता, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. भाषेच्या अभ्यासकास मात्र हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एखाद्या समाजात प्रेमासाठी वेगळी अशी शब्दसंपत्ती नसणे आणि प्रेम नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रेम नेहमीच्या व्यवहाराच्या शब्दांतूनच बोलले जात असेल, तर त्याचा माग त्या शब्दांतच घेतला पाहिजे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्याच्या पश्चिम सीमेवरील ईस्टवुड या खाणगावाचा विचार केला आहे. हे गाव निवडण्याचे कारण उघड आहे. डी. एच. लॉरेन्स (१८८५–१९३०) हा कादंबरीकार येथे एका खाणकामगाराच्या घरी जन्मला, आणि त्याने आपल्या कथा, नाटके, कविता व कादंबऱ्या यांतून येथील बोलीची जी नोंद केली तिच्या तोडीची नोंद इतर खाणवस्त्यांच्या वाट्याला क्वचितच आली आहे. अर्थात कादंबरी म्हणजे साक्षीपुरावा नव्हे, हे पथ्य पाळूनच तिचा उपयोग करावयाचा आहे.

१. काम आणि पगार

ईस्टवुड हे नॉटिंगहॅम शहराच्या वायव्येस, एरेवॉश नदीच्या खोऱ्यालगत वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बहुतेक खाणी बार्बर, वॉकर आणि कंपनी या एकाच व्यवसायसंस्थेच्या मालकीच्या होत्या, आणि कामगारांच्या राहत्या घरांच्या कित्येक रांगाही त्याच कंपनीने उभारलेल्या होत्या. लॉरेन्सचे वडील आर्थर लॉरेन्स हे जवळच्या ब्रिन्स्ली येथील खाणीत काम करीत. लहान वयातच ते खाणीत उतरले होते. स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलग्यांस भूगर्भात कामास लावण्याची मनाई १८४२ च्या कायद्याने झाली होती. त्याहून मोठ्या मुलग्यांना मात्र दार उघडेच होते.

येथील कामाची पद्धत ध्यानात घेतल्याशिवाय येथील संसार समजणार नाही. खाणीतील कोळशाच्या थराचा एक ठरावीक भाग एका अनुभवी कामगाराकडे ठेक्याने दिला जाई. त्या भागास ‘स्टॉल’ म्हणत आणि ठेका घेणाऱ्यास ‘बटी’ म्हणत. बटीच्या हाताखाली रोजंदारीची माणसे असत. बाहेर पडलेल्या कोळशाच्या वजनावर कंपनी बटीला पैसे देई. त्यातून रोजंदाऱ्यांचे वेतन भागवून उरलेले पैसे भागीदार बटी आपसात वाटून घेत. थर चांगला लागला, छत धड राहिले, तर आठवड्याची कमाई बरी होई. थरात दगड लागला, पाणी शिरले किंवा छताला टेकू देण्यातच दिवस गेले, तर श्रम तितकेच होऊन कमाई निम्म्यावर येई. शिवाय उन्हाळ्यात कोळशाची मागणी घटली की खाण आठवड्यातून काही दिवस बंदच राही. म्हणजे घरात येणारा पैसा कष्टावर अवलंबून असण्यापेक्षा दगडावर, हवामानावर व बाजारभावावर अधिक अवलंबून होता.

हा पैसा शुक्रवारी हाती येई आणि त्याची वाटणी पुष्कळदा बटीच्या घरातील टेबलावरच होई. बायको घरात असली तरी वाटणीच्या वेळी तिने त्या हिशेबात डोकावू नये असा संकेत होता. नवरा आपल्याकडे किती ठेवतो आणि संसाराला किती देतो, यावर पुढचा आठवडा ठरे. ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) या कादंबरीत वॉल्टर मॉरेल या बटीने आपल्याजवळ ठेवावयाच्या पैशाचे प्रमाण सविस्तर सांगितलेले आहे. चाळीस शिलिंग मिळाले तर तो दहा ठेवी. कमाई सोळा शिलिंगांवर उतरली तर सहा पेन्सच ठेवी. या आकड्यांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. चांगल्या आठवड्यात तो कमाईचा चौथा हिस्सा दारूगुत्त्यात नेतो, ही पत्नीची तक्रार खरीच आहे. परंतु वाईट आठवड्यात तो जवळजवळ सर्वस्व पत्नीच्या हाती ठेवतो, हेही तितकेच खरे आहे. कादंबरीतील निवेदन पत्नीच्या बाजूचे असल्यामुळे पहिली गोष्ट वाचकाच्या मनावर ठसते. दुसरी मात्र आकड्यांतच राहून जाते.

२. विस्तवापुढचे स्नान

पगाराइतकेच महत्त्वाचे दुसरे घरगुती कृत्य म्हणजे कामगाराचे स्नान. खाणीतून वर आलेला माणूस नखशिखान्त काळा असे. खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे नव्हती. त्यामुळे तो तसाच घरी येई, बहुधा तसाच जेवायला बसे, आणि मग स्वयंपाकघरातील विस्तवापुढे ओणवा होऊन अंग धुई. पाठीपर्यंत त्याचा हात पोचत नसे. पाठ धुण्याचे काम बायकोचे किंवा आईचे. घरात दोनतीन मुलगे खाणीत जाणारे असले आणि त्यांच्या पाळ्या निरनिराळ्या असल्या, तर त्या गृहिणीचा दिवस पाणी तापविण्यात, उचलण्यात व ओतण्यात जाई. शिवाय कोळशाच्या पुडीने भरलेले कपडे झटकणे व वाळविणे हेही होतेच.

हे श्रम केवढे होते याची साक्ष ईस्टवुडच्या बाहेरून, दक्षिण वेल्सच्या कोळसाप्रदेशातून मिळते. कोळसा-उद्योगाच्या चौकशीसाठी १९१९ साली नेमलेल्या सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या घरांतील ज्या स्त्रियांनी साक्ष दिली त्यांत ऱ्हॉन्डा खोऱ्यातील एलिझाबेथ अँड्रूज या प्रमुख होत्या. पाण्याची जड भांडी उचलण्यामुळे गर्भवती स्त्रियांना होणारी इजा आणि उकळत्या पाण्याने लहान मुलांना होणारे अपघात यांकडे त्यांनी आयोगाचे लक्ष वेधले आणि खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे बांधण्याची मागणी केली. १९११ च्या कायद्यात अशी तरतूद होती. परंतु दोन तृतीयांश कामगारांची मागणी आणि खर्चातील त्यांचा वाटा या अटींमुळे ती बहुतांशी कागदावरच राहिली. पुढे १९२० च्या कायद्याने कोळशाच्या प्रत्येक टनामागे एक पेनी जमा करून कल्याणनिधी निर्माण झाला, आणि १९२६ मध्ये जमीनमालकांच्या स्वामित्वधनावर कर बसवून न्हाणीघरांसाठी वेगळी रक्कम मिळू लागली. त्यानंतरच हे ओझे स्त्रियांच्या खांद्यांवरून हळूहळू उतरले.

पण हे ओझे होते याचा अर्थ ते केवळ ओझेच होते असे नाही. ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये मॉरेल पतिपत्नींचा बहुतेक संसार भांडणात जातो. त्यात उभयतांच्या खेळकर, जवळिकीच्या बोलण्याचे जे थोडे प्रसंग आहेत, त्यांपैकी एक या पाठ धुण्याचा आहे. पत्नी साबण लावलेल्या फडक्याने पतीची पाठ चोळते, त्याच्या एके काळच्या देखणेपणाविषयी थट्टेने बोलते, आणि तो संकोचतो. दिवसभराच्या धकाधकीत या एका कृत्याला स्पर्शाची मोकळीक होती. कारण ते काम होते. काम म्हणून केलेल्या गोष्टीबद्दल लाजण्याचे कारण नव्हते. ज्या समाजात चारचौघांत जवळीक दाखविणे अशिष्ट मानले जाते, त्या समाजात कामाचे निमित्त हेच जवळिकीचे द्वार बनते. मराठी वाचकास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

३. सर्वनामांचा संसार

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. शिष्ट इंग्रजीत मध्यमपुरुषी सर्वनाम आज एकच आहे. ‘तू’ या अर्थाचे जुने ‘दाउ’ हे रूप सतराव्या शतकानंतर शिष्ट इंग्रजीच्या नित्य व्यवहारातून मागे पडले व प्रार्थनेत आणि काव्यात उरले. बोलींत मात्र ते टिकले. उत्तर व मध्य इंग्लंडच्या ज्या बोलींत ते जिवंत राहिले त्यांत नॉटिंगहॅमशायर व डर्बीशायर यांच्या सीमेवरील बोलीही होती. तेथे कर्तृरूप ‘दा’, कर्मरूप ‘दी’, संबंधवाचक ‘दाय’ आणि स्वार्थक ‘दायसेन’ अशी पूर्ण मालिका वापरात होती. हॅरल्ड ऑर्टन व ऑयगेन डीथ यांनी आखलेल्या इंग्रजी बोलींच्या पाहणीसाठी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी क्षेत्रकार्य झाले. त्या पाहणीतही ही रूपे अनेक ठिकाणी मिळाली. तथापि ती पाहणी मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या जुन्या खेड्यांची होती, हे येथे नमूद केले पाहिजे. खाणगावांच्या बोलीचा विचार करताना म्हणूनच साहित्यिक नोंदींचे मोल वाढते.

रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांची मीमांसा ‘सत्ता’ व ‘सख्य’ या दोन तत्त्वांवर केली. वरच्याने खालच्यास ‘तू’ म्हणावे व खालच्याने वरच्यास ‘तुम्ही’ म्हणावे, हे सत्तेचे तत्त्व. समान व निकट असलेल्यांनी परस्परांस ‘तू’ म्हणावे, हे सख्याचे तत्त्व. मराठीत दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी नांदतात. आई ‘तू’, विठ्ठलही ‘तू’. आणि भांडणात समोरच्याचा पाणउतारा करावयाचा तर तोही ‘तू’च. पूर्वीच्या पिढीतील मराठी घरांत पती पत्नीला ‘अगं, तू’ म्हणे आणि पत्नी पतीला ‘अहो, तुम्ही’ म्हणे. येथे सत्तेचे तत्त्व प्रबळ होते.

लॉरेन्सच्या घरात वरवर पाहता अगदी हाच आराखडा दिसतो. त्याच्या कादंबरीतील पती पत्नीला बहुधा ‘दा’, ‘दी’ असे संबोधतो आणि पत्नी त्याला शिष्ट इंग्रजीतील ‘यू’ने उत्तर देते. परंतु आराखडा तोच असला तरी त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. मराठी पत्नीच्या ‘तुम्ही’त निदान रूढीपुरता तरी आदर होता. मॉरेलच्या पत्नीच्या ‘यू’त आदर नव्हता, अंतर होते. ती ‘आपण दोघे एका भाषेचे नव्हे’ असे प्रत्येक वाक्यात सुचवीत होती. लॉरेन्सची आई लिडिया हिचा जन्म मँचेस्टरचा व बालपण केंटमधील शीअरनेस येथले. ती काही काळ शिकाऊ शिक्षिका होती, आणि तिचे इंग्रजी शिष्ट वळणाचे होते. १८७५ च्या डिसेंबरात तिने आर्थर लॉरेन्सशी लग्न केले. मुलांनी बोली बोलू नये, खाणीत जाऊ नये, शाळेच्या व चर्चच्या मार्गाने वर जावे, हा तिचा आग्रह होता. त्या आग्रहामागे मुलांविषयीचे उत्कट प्रेम होते याबद्दल शंका नाही. पण परिणाम असा झाला की घरात दोन भाषा नांदू लागल्या आणि वडिलांची भाषा घरातच परकी ठरली.

कादंबरीतील एक लहान प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. पहाटे उठून स्वतःची न्याहारी स्वतः करून खाणीत जाणारा मॉरेल, पत्नी आजारी असता, तिच्यासाठी चहाचा कप माडीवर घेऊन जातो. तो तिच्याशी ‘दी’ने बोलतो आणि तिला पोरीसारखे लाडके संबोधन वापरतो. ती शिष्ट इंग्रजीत उत्तर देते, आणि ते उत्तर कुरकुरीचे असते. येथे प्रेम नाही असे नाही. ते दोन्ही बाजूंना आहे. पण एकाने ज्या सर्वनामात ते दिले, त्या सर्वनामात ते स्वीकारण्याची दुसऱ्याची तयारी नाही. भाषाभेद म्हणजे केवळ उच्चारभेद नव्हे, तो देण्याघेण्याचा मार्गच कसा बंद करतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याउलट, या दोघांची पहिली भेट स्मरणात घेण्याजोगी आहे. नाताळच्या एका नृत्यप्रसंगी तरुण मॉरेल तिला खाणीतील जीवनाविषयी सांगतो. तेथे माणसे उंदरांसारखी राहतात आणि चिचुंद्रीच्या जातीच्या, जमीन उकरणाऱ्या प्राण्याप्रमाणे बाहेर डोके काढतात, असे तो म्हणतो. त्या प्राण्यासाठी तो ‘मौडीवार्प’ हा बोलीतील शब्द वापरतो. ‘माती फेकणारा’ असा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि तो जर्मानिक भाषाकुळातील जुना शब्द आहे. ऐकणारी तरुणी त्या बोलण्याने भारावून जाते. म्हणजे जी बोली पुढे त्यांच्यात भिंत झाली तीच प्रथम आकर्षणाचे कारण झाली होती. बोली बदलली नव्हती. तिच्याभोवतीचे हिशेब बदलले होते.

४. थंडी, भूक आणि रुसवा

या बोलीतील काही शब्दांचा परिचय करून घेतला तर तेथील जीवनाचा घाट अधिक स्पष्ट होईल. हे शब्द जतन करण्याचे मोठे श्रेय जोसेफ राइट यांच्या सहा खंडांच्या इंग्रजी बोलीकोशाला (१८९८–१९०५) आहे. राइट स्वतः यॉर्कशायरमधील गिरणीत काम करणारे मूल होते. सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हते, आणि पुढे ते ऑक्सफर्ड येथे तुलनात्मक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. श्रमिकांची बोली ही बिघडलेली शिष्ट भाषा नसून तिला स्वतःचा इतिहास व व्याकरण आहे, हे त्यांच्या कार्याने सिद्ध झाले.

‘नेश’ म्हणजे थंडी न सोसणारा, नाजूक. हा प्राचीन इंग्रजीतील ‘मऊ’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. ‘स्टार्व्ह्ड’ म्हणजे शिष्ट इंग्रजीत उपाशी. बोलीत मात्र थंडीने गारठलेला. मूळ धातूचा अर्थ ‘मरणे’ असा असून जर्मनमध्ये तो अजून त्याच अर्थाने वापरतात. उपाशी असण्यासाठी बोलीत ‘क्लेम्ड’ किंवा ‘क्लॅम्ड’ हा वेगळा शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘चिमटणे’ ही कल्पना आहे. आपल्याकडे भुकेने पोटाला चिमटा बसतो, त्याच जातीची ही कल्पना होय. ‘स्नॅप’ म्हणजे खाणीत न्यावयाची शिदोरी. ‘मॅश’ करणे म्हणजे चहा मुरू देणे. ‘मार्डी’ म्हणजे रुसलेले, लाडाने बिघडलेले मूल. हा शब्द मोठ्या माणसालाही लावतात.

या शब्दांकडे एकत्र पाहिले तर असे दिसते की, ते जवळजवळ सर्व काळजी घेण्याशी निगडित आहेत. कोण गारठला, कोण उपाशी आहे, कोणाची शिदोरी बांधावयाची, कोण रुसला आहे, हे विचारण्याचे आणि सांगण्याचे शब्द ते आहेत. शिष्ट इंग्रजीच्या रसिकास यात प्रेमाचा एकही शब्द दिसणार नाही. परंतु पहाटे पाचला शिदोरी बांधताना ‘गारठू नकोस’ एवढेच म्हणणारी स्त्री जे सांगते, ते सांगण्यासाठी तिला दुसऱ्या शब्दाची जरुरी नव्हती.

प्रेमाचे म्हणता येईल असे एक संबोधन मात्र या बोलीत सर्वत्र आढळते. ते म्हणजे ‘डक’, अर्थात ‘बदक’. नवरा बायकोला, आई मुलाला, दुकानदार गिऱ्हाइकाला, इतकेच नव्हे तर पुरुष पुरुषालाही ‘मी डक’ असे म्हणतो. यातील ‘मी’ म्हणजे ‘माझे’. एका प्राचीन सरदारवाचक पदवीपासून हा शब्द आला असे लोकांत सांगितले जाते. पण त्यास भाषिक आधार दिसत नाही. पक्ष्याचे नाव लाडाने वापरण्याची रीत जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्येही हे संबोधन आलेले आहे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा शब्द प्रियकरप्रेयसीपुरता राखून ठेवलेला नाही. तो साऱ्या गावाचा आहे. प्रेमाचा शब्द खासगी नसून सार्वजनिक असणे हे अशा समाजाचे लक्षण मानावे लागेल, जेथे एकाच्या घरावरचे संकट उद्या दुसऱ्याच्या घरावर यावयाचे असते.

५. मृत्यूची छाया

हे संकट म्हणजे अपघात. आर्थर लॉरेन्स यांचा जेम्स हा भाऊ १८८० साली ब्रिन्स्लीच्या खाणीतच मरण पावला होता. १८९७ च्या कामगार-भरपाई कायद्यान्वये मृत कामगाराच्या सर्वस्वी अवलंबून असलेल्या कुटुंबास त्याची तीन वर्षांची कमाई किंवा १५० पौंड यांपैकी मोठी रक्कम मिळे. मात्र तिला ३०० पौंडांची मर्यादा होती. माणसाची किंमत कायद्याने अशी बांधून दिल्यावर शोक आणि हिशेब एकाच घरात, एकाच क्षणी येणे अपरिहार्य होते. लॉरेन्सच्या १९१३ सालच्या पहिल्या कवितासंग्रहात बोलीतील कवितांचा एक गट आहे. त्यातील ‘द कॉलियर्स वाइफ’ या कवितेत नवरा जखमी झाल्याची वार्ता ऐकणाऱ्या स्त्रीच्या तोंडी काळजी, चीड आणि भरपाईचा विचार एकमेकांत मिसळून येतात. तिला निष्ठुर म्हणणारा वाचक त्या घरातील पुढच्या शुक्रवारचा विचार करीत नाही, असेच म्हटले पाहिजे.

या विषयावरील लॉरेन्सची सर्वांत समर्थ कथा ‘ओडर ऑफ क्रिसँथमम्स’ ही १९११ च्या जूनमध्ये ‘इंग्लिश रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्याच कथावस्तूवर त्याने ‘द विडोइंग ऑफ मिसेस हॉलरॉइड’ (१९१४) हे नाटक प्रसिद्ध केले. कथेतील एलिझाबेथ बेट्स नवऱ्याची वाट पाहत असते. तो नेहमीप्रमाणे गुत्त्यात गेला असणार म्हणून ती संतापलेली आहे. वस्तुतः तो खाणीत कोंडला जाऊन गुदमरून मेलेला असतो. त्याचे प्रेत घरी आणले जाते आणि पत्नी व सासू दोघी मिळून ते धुतात. सासू बोलीत विलाप करते. सुनेची भाषा शिष्टाकडे झुकणारी आहे आणि ती जवळजवळ मूक आहे. त्या मौनात तिला उमगते की, या माणसाबरोबर इतकी वर्षे राहूनही तिने त्याला ओळखले नव्हते.

वर वर्णिलेल्या रोजच्या स्नानाची पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर या कथेचा अर्धा अर्थ हरवतो. इंग्लंडमधील त्या काळच्या खाणकामगार-वाचकास मात्र हे सांगावे लागले नसते. रोज संध्याकाळी जे शरीर विस्तवापुढे ओणवे होई, तेच आज जमिनीवर आडवे आहे. हात तेच, पाणी तेच, फडकेही तेच. कष्टाचे जे कृत्य प्रेमाचे वाहन होते, तेच अंत्यसंस्कार झाले आहे. आणि सासूला रडण्यासाठी भाषा आहे, सुनेला नाही, हा भेद लेखकाने सहज केलेला नाही.

६. संप आणि समेट

खाणगावातील प्रेमाची दुसरी कसोटी म्हणजे संप. १९१२ च्या वसंतात किमान वेतनासाठी इंग्लंडभरच्या खाणकामगारांनी संप केला आणि त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा झाला. या पार्श्वभूमीवर लॉरेन्सने ‘द डॉटर-इन-लॉ’ हे नाटक लिहिले. ते जवळजवळ संपूर्णपणे बोलीत आहे. आणि कदाचित त्यामुळेच ते लेखकाच्या हयातीत रंगभूमीवर आले नाही. १९६७ साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात पीटर गिल यांनी ते सादर केल्यानंतर त्याची योग्यता सर्वमान्य झाली.

नाटकातील मिनी ही शहरात नोकरी केलेली, शिष्ट बोलणारी व स्वतःची शिल्लक बाळगणारी तरुणी आहे. तिचा पती ल्यूथर गॅस्कॉइन हा बोली बोलणारा खाणकामगार आहे. पत्नीची शिल्लक, तिची भाषा आणि आपल्या आईचा वरचष्मा या तिहींपुढे तो स्वतःला लहान मानतो. संपात त्याची कमाई थांबते, तेव्हा तर हे अंतर असह्य होते. मग मिनी आपली सारी शिल्लक चित्रे व दागिना यांवर खर्चून टाकते. व्यवहारी दृष्टीला हा शुद्ध मूर्खपणा आहे. पण ज्या संसारात पैसा हीच भाषा झाली आहे, त्यात आपला शब्द मागे घेण्याचा तिला दुसरा मार्ग नव्हता. आता दोघेही सारखेच रिते आहेत. शेवटी जखमी होऊन परतलेल्या ल्यूथरला ती जवळ करते. ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये जो समेट झाला नाही, तो या नाटकात होतो, आणि तो वरच्या भाषेने खालची भाषा सुधारल्यामुळे होत नाही, वरच्या भाषेने आपला वरचेपणा सोडल्यामुळे होतो.

प्रत्यक्ष इतिहासात समेट नेहमीच झाला असे नाही. १९२६ च्या दीर्घ टाळेबंदीत नॉटिंगहॅमशायरमध्ये जॉर्ज स्पेन्सर यांच्या नेतृत्वाखाली फुटीर संघटना निघाली, ती १९३७ पर्यंत टिकली. १९८४–८५ च्या संपातही या परगण्यातील बहुसंख्य कामगार कामावर गेले, अल्पसंख्य संपावर राहिले, आणि भावाभावांत, बापलेकांत वर्षानुवर्षांचा अबोला पडला. जेथे शब्दांनी प्रेम सांगण्याची रीत नाही, तेथे रागही शब्दांनी निवळत नाही. तो अबोल्यात साठून राहतो. या भाषिक व्यवस्थेची ही दुसरी, कठोर बाजू होय, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

७. उपसंहार

लॉरेन्सने आयुष्याच्या अखेरीस, १९२९ मध्ये, आपल्या या मायभूमीविषयी एक निबंध लिहिला. त्यात खाणीतील अंधारात एकत्र काम करणाऱ्या पुरुषांच्या मूक सहवासाचे त्याने गौरवाने वर्णन केले आहे. तरुणपणी आईच्या बाजूने लिहिणारा हा लेखक उतारवयात वडिलांच्या जगाकडे आदराने पाहू लागला होता. ‘सन्स अँड लव्हर्स’मध्येही याचे बीज आहेच. मॉरेल घरी बसून जोडे दुरुस्त करतो, गवताच्या काड्यांत दारू भरून सुरुंगाच्या वाती तयार करतो, मुलांना खाणीतल्या घोड्याच्या गोष्टी सांगतो, तेव्हा मुले त्याच्याभोवती गोळा होतात. हातात काम आणि तोंडात बोली असली की हा माणूस प्रेमळ होतो. ही दोन्ही काढून घेतली की त्याच्याजवळ काही उरत नाही.

१ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. २०१५ च्या जुलैमध्ये थॉर्सबी येथील खाण बंद झाली तेव्हा नॉटिंगहॅमशायरमधील भूगर्भातील कोळसाकाम संपले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात यॉर्कशायरमधील केलिंग्ली बंद होऊन साऱ्या देशातील खोल खाणींचे युग संपले. खाणींबरोबर ‘बटी’ व ‘स्टॉल’ हे शब्द इतिहासजमा झाले. ‘डक’, ‘मार्डी’ व ‘नेश’ हे शब्द मात्र त्या भागात अजून ऐकू येतात. कामाचे शब्द कामाबरोबर गेले, पण काळजीचे शब्द मागे राहिले, ही गोष्ट शब्दांच्या आयुष्याविषयी पुष्कळ सांगून जाते.

महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत आणि तेथे मराठी, हिंदी, तेलुगू व गोंडी बोलणारी माणसे एका पाळीत काम करतात. त्या घरांत डबा भरताना कोणते शब्द बोलले जातात, नवराबायको एकमेकांस कोणत्या सर्वनामाने संबोधतात, शाळेत गेलेले मूल बापाच्या बोलीत उत्तर देते की पुस्तकी भाषेत, या प्रश्नांची नोंद अभ्यासकांनी घेण्यासारखी आहे. ईस्टवुडच्या उदाहरणावरून एवढे निश्चित दिसते की, कष्टाच्या वस्तीतील प्रेम शोधावयाचे तर प्रेमाचे शब्द शोधून उपयोगी नाही. शिदोरी, पाणी, पाठ, पगार आणि ‘तू’ या साध्या शब्दांपाशीच अभ्यासकाने थांबले पाहिजे. त्या शब्दांना कमी लेखणारी शाळा मुलांना वर नेते हे खरे. परंतु वर जाताना बापाशी बोलण्याचा जिना ती काढून घेत नाही ना, याचा विचार भाषाशिक्षणाची दिशा ठरविणारांनी करणे अगत्याचे आहे.